भाजीची मागणी पेरणीआधी नोंदवा

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

लहान सेंद्रिय शेतांतली भाजी ग्राहकांनी मिळून चालवलेल्या दुकानात थेट यावी, हा विषय निघाला की चर्चा भावापासून सुरू होते आणि भावापाशीच संपते. मधला दलाल काढला की सगळे सुरळीत होईल, असे धरून चालतात. दलाल जातो, पण त्याची कामे जात नाहीत. प्रतवारी, साठवण, एकाचा माल कमी पडला तर दुसरीकडून भरून काढणे, उरलेला कुठेतरी खपवणे हे सगळे कोणाला तरी करावेच लागते. ते कोणी करायचे हे आधी ठरलेले नसेल, तर पहिला हंगाम उत्साहावर निघतो आणि दुसऱ्यात कुरबुरी सुरू होतात.

आमच्या मते मूळ चूक एकच आहे. दुकान आपली मागणी तोडणीच्या आदल्या दिवशी कळवते. ती पेरणीच्या आधी कळवायला हवी. छोटा गोल मुळा पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत हाती येतो, पालक ४० दिवसांच्या आसपास, गाजर ७० ते ९० दिवसांत, टोमॅटो रोप लावल्यावर ६० ते ८० दिवसांनी. आज फळीवर गाजर हवे असेल, तर तो निर्णय अडीच-तीन महिन्यांपूर्वीच व्हायला हवा होता. तसे न केल्याने दुकानाला भाजी देणारे सगळेच शेतकरी एकाच आठवड्यात पालक घेऊन दारात उभे राहतात आणि पुढचे तीन आठवडे पालकाचे पानही दिसत नाही.

हंगाम सुरू होण्याआधी एकदा सगळ्यांनी बसून पेऱ्याचा तक्ता करावा. दुकानात आठवड्याला पालकाच्या १०० जुड्या खपत असतील, तर त्या एकाच शेतकऱ्याकडे न देता दोघांत ६०-४० अशा वाटाव्यात. एकाच्या वाफ्यात मर रोग शिरला, तर दुसऱ्याच्या मालाने निदान चाळीस टक्के फळी भरते. पेरा गरजेपेक्षा २०-२५ टक्के जास्त धरावा आणि एकदम न करता दर दहा-बारा दिवसांनी छोटा वाफा टाकावा. मात्र हे अंतर वर्षभर सारखे ठेवून चालत नाही. थंडी सरताना दहा दिवसांच्या फरकाने पेरलेले दोन वाफे चार-पाच दिवसांच्या फरकाने तयार होतात, कारण मागचा वाफा उबेत झपाट्याने वाढतो. थंडी लागताना नेमके उलटे होते. पेरणीतला चार दिवसांचा उशीर काढणीला कितीतरी जास्त दिवसांचा होऊन बसतो. पाने चांगली असूनही दुकानात खाडा पडतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

‘या आठवड्यात काकडी नको’ असे दुकानातून सहज कळवले जाते. काकडी, घेवडा, भेंडी यांचा तोडा थांबवता येत नाही. वेलीवर चार काकड्या पिकू दिल्या की वेल नवी फळे धरायला कुचराई करतो, म्हणजे पुढच्या आठवड्यात हवी असेल तेव्हाही काकडी कमीच मिळते. याउलट गाजर आठवडा-दोन आठवडे मातीत मुकाट्याने थांबते, पालक दोन-तीन दिवस थांबतो. म्हणून मागणीतली कमी-जास्त थांबू शकणाऱ्या पिकांवर घ्यावी आणि न थांबणाऱ्यांचा उठाव ठरल्याप्रमाणेच करावा.

आता तोडणीपासून दुकानापर्यंतचे तास. माल येथेच मरतो आणि दोष मात्र ‘सेंद्रिय माल टिकत नाही’ या समजुतीवर ढकलला जातो. तोडलेली भाजी श्वास घेत असते. तापमान १० अंशांनी चढले की हा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणजे ३० अंशांत गेलेला एक तास १० अंशांतल्या निदान चार तासांइतका पडतो. पालेभाजीच्या वजनातले ३ ते ५ टक्के पाणी उडाले की ती माना टाकते. म्हणून पाला पहाटे, ऊन चढण्याआधी काढावा, क्रेट सावलीत ठेवावा, वरून ओले फडके टाकावे आणि शक्य असेल तर बांधावरच गार पाण्यात बुडवून निथळून घ्यावा. निथळणे टाळू नये. जुडीच्या पोटात पाणी राहिले की तिथली पाने दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतात. गाजर-मुळ्याचा पाला शेतातच छाटावा, कारण तोडल्यावरही तो कंदातले पाणी ओढत राहतो.

टोमॅटोची गोष्ट वेगळी. उन्हाने तापलेला टोमॅटो गार पाण्यात टाकला, तर आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी, पाण्याबरोबर जंतूही आत ओढले जातात. धुवायचाच असेल, तर पाणी फळाच्या गरापेक्षा साधारण ५ अंशांनी कोमट हवे. बहुतेक वेळा कोरड्या फडक्याने पुसणे पुरते.

दुकानात एकच शीतपेटी घेऊन सगळा माल तिच्यात कोंबणे ही दुसरी हमखास चूक. पालेभाज्या आणि गाजर यांना शून्य ते दोन अंश आणि भरपूर दमट हवा मानवते. त्याच पेटीत काकडी, वांगी ठेवली की काही दिवसांत सालीवर खड्डे पडतात, बाहेर काढल्यावर त्या पाणचट होतात. त्यांना १० ते १२ अंश लागतात. १२ अंशांखाली टोमॅटोचा वास मरतो. बटाटा ४ अंशांखाली गेला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तो काळपट पडतो. कांदा-लसणाला तर दमटपणाच नको, वाहती कोरडी हवा हवी. शिवाय पिकते टोमॅटो, केळी, सफरचंदे यांतून इथिलीन वायू सुटतो. त्यांच्या शेजारी काकडी आणि पाला पिवळा पडतो, गाजर कडवट होते. थोडक्यात, दुकानाला तीन जागा लागतात: थंड-दमट, मध्यम आणि कोरडी. मध्यम जागेसाठी बंदिस्त खोली आणि साधा एसी चालतो, कारण तो १६ अंशांच्या आसपास थांबतो; काकडी-वांग्यांना हे थोडे जास्त असले तरी थंडीने ती खराब होत नाहीत. हवा कोरडी असेल, तर विटांच्या दोन भिंतींमध्ये साडेसात सेंटिमीटरची पोकळी ठेवून तिच्यात ओली वाळू भरलेला हौद विजेशिवायही काम भागवतो. दमट हवेत मात्र त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही.

याचा हिशेब करून पाहावा. १०० किलो माल घेऊन २० किलो फेकला, तर विकल्या गेलेल्या प्रत्येक किलोची खरेदी २५ टक्क्यांनी महागली. दलालाची दलाली वाचवून एवढी घट सोसायची असेल, तर खटाटोप कशाला?

सेंद्रियतेच्या हमीबद्दल दोन्ही बाजूंना गैरसमज आहेत. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असे ग्राहक मानतो. गंधक, ताम्रयुक्त औषधे, बीटी हे जैविक कीटकनाशक यांना बहुतेक सेंद्रिय नियमावल्यांत मर्यादित मुभा असते आणि लेबलावर फवारणी व तोडणी यांतले अंतर दिले असेल, तर ते पाळावेच लागते. शेतकरी मानतो की रसायने बंद केली की त्या दिवसापासून माल सेंद्रिय. वार्षिक पिकांसाठी युरोपीय नियमांत पेरणीआधीची दोन वर्षे, तर अमेरिकी नियमांत काढणीआधीची तीन वर्षे जमीन रसायनमुक्त असावी लागते. दरम्यानचा माल दुकानाने जरूर घ्यावा, पण फळीवर ‘रूपांतर काळातला’ अशी स्वच्छ पाटी लावून.

ताज्या शेणखताबाबत ढिलाई नको. अमेरिकी सेंद्रिय नियमांप्रमाणे कच्चे शेणखत घातल्यावर, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस आणि लागत नसेल तर ९० दिवस काढणी करता येत नाही. कोशिंबिरीत कच्च्या जाणाऱ्या भाजीला हा नियम कुठेही पाळण्याजोगा आहे. बाहेरून आणलेल्या खताचा आणखी एक धोका आहे. अमिनोपायरॅलिडसारखी तणनाशके चाऱ्यातून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणात येतात, कुजल्यावरही तग धरतात. एका कुंडीत खत मिसळलेली माती, दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत घेवड्याचे चार-चार दाणे टोचावेत. दोन-तीन आठवड्यांत पहिल्या कुंडीतली कोवळी पाने द्रोणासारखी वळली आणि दुसरीतली सरळ राहिली, तर ते खत टोमॅटो आणि शेंगवर्गीय पिकांपासून दूर ठेवावे.

प्रमाणपत्राचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नसेल, तिथे शेतकऱ्यांनी आणि ग्राहकांनी मिळून एकमेकांची शेते तपासण्याची, पीजीएस या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरता येते. पण तपासणी म्हणजे फोटो काढून चहा घेऊन परतणे नव्हे. खत-बियाण्यांची बिले पाहावीत, शेजारच्या शेतातले पाणी आणि फवारा कुठून येतो ते बांधावर उभे राहून पाहावे आणि फवारणीचा पंप कोणाचा ते विचारावे. भाड्याच्या किंवा उसन्या पंपात आधीच्या तणनाशकाचा अंश राहिलेला असतो आणि मालकालाही ते ठाऊक नसते.

प्रत्येक क्रेटवर शेतकऱ्याचा क्रमांक, वाफा आणि तोडणीची तारीख एवढी चिठ्ठी पुरे. तिच्यामुळे जुना माल आधी विकता येतो आणि तक्रार आली तर पाच शेतांऐवजी एका वाफ्यापर्यंत जाता येते. वजन कोणाच्या काट्यावर धरायचे हे लिहून ठेवावे, कारण वाटेत पाणी उडून वजन घटतेच. पानांना भोके चालतील, पिवळी व कुजकी चालणार नाहीत, असे निकष फोटोंसह दुकान आणि शेतकरी या दोघांकडे असावेत. नाहीतर माल नाकारण्याचा निर्णय त्या दिवशी काउंटरवर कोण बसले आहे यावर ठरतो. माल नाकारायचा तर तो उतरवून घेतानाच, दुसऱ्या दिवशी फोनवर नव्हे.

चुकारा आठवड्याला झाला पाहिजे. महिनाभर थांबणारा शेतकरी मजुराला मात्र रोजच्या रोज पैसे देत असतो. रोख लागली की तो ठरलेला माल दुसरीकडे घालतो, आणि मग त्याच्यावर शब्द न पाळल्याचा ठपका येतो. ज्या दुकानांना जमेल त्यांनी पेरणीच्या वेळीच सभासदांकडून थोडी आगाऊ रक्कम घेऊन ती बियाण्यापोटी द्यावी आणि पुढच्या बिलांतून थोडी थोडी वळती करून घ्यावी.

आपले विश्वासू,
सेंद्रिय भाजीच्या पुरवठ्याशी संबंधित काही वाचक