हितसंबंधांची नोंदवही विधिमंडळातही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायत सदस्याचा पंचायतीच्या कामात स्वतः अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आढळला, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार तो अपात्र ठरतो. काम वाडीतल्या पाखाडीचे असो वा सार्वजनिक विहिरीच्या दुरुस्तीचे, ठेका लहान म्हणून सूट मिळत नाही. आमदार-खासदारांसाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम ९क आहे. पण ते सरकारला माल पुरवण्याच्या किंवा सरकारचे काम करण्याच्या, त्यांनी स्वतः केलेल्या चालू करारापुरतेच आहे. जमिनीतील हितसंबंधांचा त्यात उल्लेखही नाही.

आणि कोकणात खरा प्रश्न जमिनीचाच आहे. नाणार असो, बारसू असो वा महामार्गाचे चौपदरीकरण, प्रकल्पाची कुणकुण लागली की कातळसड्यावरच्या जमिनींना एकाएकी गिऱ्हाईक येते, आणि सामाईक सातबाऱ्यावरील एखाद्या हिस्सेदाराचा हिस्सा विकला गेल्याचे इतरांना तलाठी कार्यालयात फेरफार पाहतानाच कळते. या व्यवहारांत लोकप्रतिनिधी असतातच, असे माझे मुळीच म्हणणे नाही. मात्र ज्या प्रकल्पाच्या बाजूने वा विरोधात आमदार सभागृहात बोलतात, त्या परिसरात त्यांची वा कुटुंबीयांची जमीन, खाण, क्रशर किंवा भागीदारी आहे की नाही, हे मतदाराला त्याच वेळी कळायला हवे.

निवडणुकीचे प्रतिज्ञापत्र आहेच, असे यावर सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ते मिळाले, २०१८ च्या निकालाने उत्पन्नाचे स्रोत सांगणेही बंधनकारक केले, आणि त्याचे मोल मोठे आहे. परंतु ते अर्ज भरण्याच्या वेळचे चित्र असते. त्यानंतरच्या पाच वर्षांत काय घेतले, काय विकले, हे त्यातून कळत नाही. निवडून आल्यावर, शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्ता व दायित्वे जाहीर करण्याची सक्ती करणारे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचेच कलम ७५क केवळ संसद सदस्यांना लागू आहे, राज्य विधिमंडळाला नाही.

राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते, आणि चर्चेच्या विषयात स्वतःचा आर्थिक हितसंबंध असेल तर तो आधी जाहीर केल्याशिवाय सदस्याला चर्चेत भाग घेता येत नाही. हा नियम साधा आहे, पण गरजेचा आहे. मुंबईच्या सराफ बाजारातील संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी संसदेत प्रश्न विचारल्याचे खासदार मुदगल यांचे प्रकरण १९५१ मध्येच घडले होते.

महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांसाठी अशी नोंदवही असावी, ती दरवर्षी अद्ययावत व्हावी, तीत पती-पत्नी व अवलंबितांच्या जमिनी गट क्रमांकासह असाव्यात आणि ती विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता यावी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगडच्या आमदारांनी ही मागणी येत्या अधिवेशनात मांडावी, ही विनंती. स्वतःची माहिती जाहीर करण्यासाठी मात्र त्यांना कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही.

आपला,
एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)