उजवा खांदा, अर्धा इंच खाली

आदरणीय मास्टरकाका,

सा. न.

महाल भागातल्या तुमच्या शिंपीकामाच्या दुकानात मी ब्लाउज शिवायला टाकायला आले, तेव्हा काखेत चित्रांची वही होती. तुम्ही ती मागून घेतली, म्हणून आज हे पत्र.

त्या दिवसांत माझं काम पार अडलं होतं. त्रिकोण, वर्तुळं, पट्ट्या, यांतून मला माणूस उभा करायचा होता आणि तो दरवेळी खेळण्यातला वाटायचा. एका जाणत्या चित्रकारांनी तर 'आकार तरी धर, नाहीतर माणूस तरी' म्हणून वही मिटून हातात दिली होती. आपल्या नागपुरात चित्रकला शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा पुढे बिंदूपर्यंत गेले, माणसाची आकृती मागे राहिली. मला ती सोडवत नव्हती.

मी मोबाइलवर तुम्हाला ऑस्कर श्लेमरचं चित्र दाखवलं. १९३२ सालचं, बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या जिन्याचं. चढून जाणारी पाठमोरी मुलं, गोल डोकी, लाकूड कातल्यासारखे खांदे. तुम्ही बोटांनी ते मोठं करून किती वेळ पाहिलंत! मग म्हणालात, "कापडाले एक चुणी नाही. पण पाठी पाहा, साऱ्या येगयेगळ्या."

आणि खाकी कागद पसरलात. गुण्या लावून सरळ रेघा, छातीचा चौथा हिस्सा, बाही जोडतात त्या मुंढ्याची गोलाई मात्र नुसत्या हाताने. कापून दोन टक्स दुमडून टाचण्या लावल्या, तसा तो सपाट कागद टेबलावरून उठला. त्यात कुणीतरी श्वास घेतल्यासारखा. मग टेप माझ्या पाठीवर धरून म्हणालात, "तुहा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे पोरी. दोन्ही बाजू सारख्या कापल्या तं कपडा बसत नाही."

काका, मी अर्धा माणूस काढून दुसरी बाजू ट्रेसिंग पेपरने उलटवत होते. कित्येक वर्षं! हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

त्या पेपर कटिंगचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते माझ्या खोलीत भिंतीवर टाचलेलं आहे, टाचण्यांसकट. ट्रेसिंग पेपर मी तेव्हापासून वापरलेला नाही. नवं चित्र चार फुटांचं आहे. सीताबर्डीला बसची वाट पाहणाऱ्या पाच बाया, साऱ्या चौकोन आणि कमानींच्या, आणि एकीचेही दोन खांदे सारखे नाहीत.

रविवारी दुकान बंद केलंत की तुम्हाला न्यायला येते. तिसऱ्या बाईच्या मुंढ्याची गोलाई अजून खटकते आहे. ती तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी सही करणार नाही.

तुमची,
वहीवाली पोरगी