तांत्रिक कारणास्तव

मुंबई,
24 नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयानं रद्द केलेल्या व्याख्यानाबद्दल भाऊबीजेच्या दिवशी तू फोनवर "काय रे, तुम्हीसुद्धा?" एवढंच विचारलंस आणि मी "आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला खणखणीत येत होता, म्हणूनच ठेवला. तेव्हापासून महिनाभर तुला लिहायचं घोकतोय. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस.

काय झालं ते आधी सरळ सांगतो. नवरात्रातल्या आमच्या व्याख्यानमालेत तिसऱ्या दिवशी 'आपल्या भागातली मैदानं' असा विषय होता. वक्ते म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे सर. कुठल्या भूखंडावर कसलं आरक्षण आहे, हे त्यांना तोंडपाठ. पक्षाचं नाव चुकूनही घेणार नाहीत असा माणूस. पत्रिका वाटून झाल्या आणि एका संध्याकाळी मला फोन आला. बोलणारा मुलगा तिशीचा असेल, इतका नम्र की मला वाटलं, देणगीच द्यायची असेल. "काका, साहेबांना तुमच्या वाचनालयाबद्दल फार आदर आहे. फक्त तो तिसरा दिवस जरा बघा ना." बघा म्हणजे काय, मी विचारलं. "आता तुम्ही सुज्ञ आहात." आणि ठेवता ठेवता, अगदी घरच्या माणसाच्या काळजीनं, "इमारत जुनी आहे ना तुमची? स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का?"

एवढंच. ना धमकी, ना चढा आवाज. मुंबईत जुन्या इमारतीत राहिलेल्या माणसाला या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यकारी मंडळाची तातडीची सभा. नऊपैकी सात जण हजर. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा वड्यांना. 'रद्द करा' असं कोणीच म्हणालं नाही बरं का. "उगाच वाद कशाला", "संस्था टिकली पाहिजे", "सरांना पुढच्या वर्षी बोलावू", अशी वाक्यं फिरत राहिली आणि शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कार्यवाह. मी म्हणालो, "मग तिसऱ्या दिवशी भावगीतं ठेवू या." फळ्यावर लावायची सूचनाही मीच सांगितली : तांत्रिक कारणास्तव व्याख्यान पुढे ढकलण्यात आले आहे. आमच्या ग्रंथपाल बाईंनी लिहिता लिहिता विचारलं, "तांत्रिक म्हणजे काय हो? कोणी विचारलं तर माईक बिघडला म्हणून सांगू का?" ती थट्टा होती की खरंच विचारत होत्या, मला अजून कळलेलं नाही.

त्या बाईंची बाजूही ऐक. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानं आम्हाला वर्ग मिळतो, वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, तेही हप्त्यांनी. बाईंचा पगार त्याच अनुदानातून. हप्ता लांबला की त्यांचा पगार लांबतो. तू नाशकात बसून "बाणेदारपणा दाखवायचा होता" म्हणशील, पण बाणा आमचा आणि उपास बाईंचा, हे मला त्या दिवशी खरोखर दिसत होतं. बहाणा म्हणून नाही सांगत. म्हणजे थोडा बहाणाही असेल.

खरी गोष्ट यानंतर झाली. पुढच्या सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा नेहमीचा पहिला विषय. मी गुणगुणल्यासारखं वाचत सुटलो. आप्पा आठवतात ना तुला? वाचनालयात तू आजीव सभासद झालास तेव्हा ज्यांनी तुझ्याकडून पावतीवर दोनदा सही घेतली होती, ते. आता नव्वदीला टेकलेत. गेल्या सभेला ते नव्हते. त्यांनी हात वर केला. "तांत्रिक कारण कोणतं?" मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला माहीत आहे." "मला माहीत आहे. वहीला माहीत आहे का?" कोणीतरी हसलं. आप्पा नाही हसले. "व्याख्यान तुम्ही रद्द केलंत, घाबरलात, मी समजू शकतो. पण वहीत खोटं का घातलंत? वही काय एकट्या कार्यवाहांची आहे?" इतिवृत्त कायम झालं नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा.

त्या रात्री मी त्यांना घरी सोडायला गेलो आणि त्यांनी मला जिन्यातच मुंदडा प्रकरण ऐकवलं. आपण दोघांनी ते परीक्षेपुरतं वाचलेलं. आप्पा 1957 साली आयुर्विमा महामंडळात (एलआयसीत) कारकून म्हणून लागलेले. महामंडळ स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये महामंडळानं कलकत्त्याच्या हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम घातली. सामान्य माणसाच्या हप्त्यांचा पैसा. गुंतवणूक कुठे करायची हे ठरवायला महामंडळाची समिती होती, तिला विचारलंच नाही. दिल्लीहून अर्थखात्याच्या सचिवांनी सुचवलं आणि इथल्या अधिकाऱ्यांनी केलं. डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत हे उघडं केलं. पंतप्रधानांचा जावई, सत्ताधारी बाकावरचा खासदार! मग चौकशीसाठी एकट्या न्यायमूर्ती छागलांचा आयोग. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. त्यांनी चौकशी इथे मुंबईत, उघडपणे लोकांसमोर घेतली आणि महिन्याभराच्या आत अहवाल दिला. आत जागा पुरेना म्हणून बाहेर कर्णे लावले होते. आप्पा सांगतात, ते जेवणाच्या सुट्टीत पळत जाऊन कर्ण्याखाली उभे राहायचे.

"काय ऐकलंत?" मी विचारलं.

"मोठी मोठी माणसं एकमेकांना विचारत होती, तुम्ही मला तसं सांगितलं होतंत की नव्हतं. सचिव म्हणतात मंत्र्यांना ठाऊक होतं, मंत्री म्हणतात मी संमती दिली नव्हती. सव्वा कोटीचा व्यवहार आणि सगळं तोंडी." जिन्याचा कठडा धरून ते जरा थांबले. "त्या अधिकाऱ्यांतला एक जरी म्हणाला असता ना, की साहेब, समिती बोलावतो, इतिवृत्तात येऊ द्या... पण मी तरी काय बोलतोय, मी असतो तर मीही नसतो म्हणालो. चोवीस वर्षांचा होतो, लग्न ठरलं होतं."

छागलांनी निष्कर्ष काढला की सचिवानं जे केलं त्याची जबाबदारी मंत्र्याची, ती झटकता येणार नाही. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

गेल्या सोमवारी हयातीचा दाखला द्यायला आपल्या जुन्या फोर्ट शाखेत गेलो होतो. (अंगठा मशीनवर चार वेळा उमटला नाही. पाचव्या वेळी मी जिवंत असल्याचं सिद्ध झालं.) बाहेर पडून मिंट रोडनं चालत निघालो, आणि रिझर्व्ह बँकेसमोर पाय आपोआप थांबले. आप्पांच्या गोष्टीच्या आधीचा भाग इथलाच की! आपले चिंतामणराव देशमुख, या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री झाले. जुलै 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याच्या आणि इथल्या गोळीबाराच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. लहानपणी ही गोष्ट आपण किती अभिमानानं ऐकली. पण त्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसलं, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. टी. टी. कृष्णम्माचारीच! आणि सहा महिन्यांत त्यांचं रिझर्व्ह बँकेशी बिनसलं. बँक म्हणजे अर्थखात्याचाच एक विभाग, अशी त्यांची भाषा. साडेसात वर्षं गव्हर्नर असलेले बेनेगल रामा राव जानेवारी 1957 मध्ये राजीनामा देऊन घरी गेले. नेहरूंनी मंत्र्याची बाजू घेतली होती. म्हणजे एकाचा ताठ कणा दुसऱ्याच्या वाटेतला अडसर काढून गेला. राजीनामा देणारा स्वच्छ राहतो, हे खरं. मागे उरलेल्या संस्थेचं काय होतं, हा हिशेब मला त्या फुटपाथवर काही जमेना. मीही कार्यवाहपद सोडायचं मनात आणलं होतं, तुला सांगून ठेवतो.

तसाच हायकोर्टापर्यंत गेलो. तिथल्या मधल्या दालनाबाहेर टिळकांच्या शब्दांची पाटी आपण मिळून पाहिली होती, आठवतं? 1908 साली त्याच दालनात ज्यूरीनं सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवलं. सात युरोपियनांनी हो म्हटलं, दोघा पारशांनी नाही. 1956 साली ती पाटी लावली त्या समारंभाला हेच छागला होते. ज्या कोर्टानं शिक्षा दिली, त्यानंच आरोपीचं म्हणणं भिंतीवर कोरून ठेवलं. आप्पांच्या भाषेत, वहीत दुरुस्ती केली. अठ्ठेचाळीस वर्षांनी का होईना.

आणि याच इमारतीत आणीबाणीत मिनू मसानींचा खटला चालला. त्यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर सेन्सॉरनं अडवला. मसानी कोर्टात गेले, सोली सोराबजी त्यांचे वकील. फेब्रुवारी 1976, विरोधी नेते तुरुंगात, आणि न्यायमूर्ती मदन आणि कनिया निकाल देतात की सगळ्या वर्तमानपत्रांना एकाच सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे. मला यात गंमत वाटते ती मसानींची. त्या काळात वर्तमानपत्रांना कितीतरी सूचना फोनवरूनच जायच्या, हे पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे आलंच. या गृहस्थानं मात्र मजकूर रीतसर सेन्सॉरकडे पाठवला, नकार घेतला आणि तो नकार घेऊन कोर्टाची पायरी चढला. त्यामुळे न्यायमूर्तींना मोडायला एक आदेश तरी हातात मिळाला. फोन कसा मोडणार?

इथवर आलो आणि वाटलं, सापडलं! दडपण तोंडी असतं, म्हणून सगळं लेखी मागायचं, की झालं. हायकोर्टासमोर उसाचा रस पीत मी तुला हेच लिहायचं ठरवलं होतं. पण लोकलमध्ये बसल्यावर आठवलं की एप्रिल 1976 मधला सर्वोच्च न्यायालयाचा हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान देण्याच्या हक्काचा, निकाल काही तोंडी नव्हता. पानंच्या पानं, सह्यानिशी. आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला कोर्टाचं दार नाही, असं चार न्यायमूर्तींनी व्यवस्थित लिहून दिलं. त्यात आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. एकट्या हंसराज खन्नांनी विरुद्ध लिहिलं आणि जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तीला सरन्यायाधीश केलं. तो निकाल चूक होता हे 2017 साली नऊ जणांच्या पीठानं सांगितलं, तेव्हा ते लिहिणारे होते यशवंतरावांचेच चिरंजीव. बंड्या, एका घरात एवढी मोठी दुरुस्ती! बाप-लेकांचं जेवताना कधी या विषयावर बोलणं झालं असेल का, असा चावट विचारही मनात आला.

उलट लेखिका दुर्गाबाई भागवतांचं बघ. 1975 च्या डिसेंबरात कऱ्हाडचं साहित्य संमेलन, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्ष दुर्गाबाई सगळ्या मंडपाला आणीबाणीचे विरोधक जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला उभं करतात. त्यात कसलं लेखी आणि कसलं इतिवृत्त? मंडप उभा राहिला, झालं. पुढे त्यांना तुरुंग घडला तो घडलाच. मात्र संमेलन नावाची संस्था त्या दिवशी काही तासांपुरती दुर्गाबाईंच्या उंचीची झाली होती. आमच्या सात जणांच्या सभेत दुर्गाबाई नव्हत्या, आणि आप्पा रजेवर होते. माझं उत्तर विचारशील तर आज एवढंच आहे.

आता पुढचं. मी सरांकडे गेलो. माफी मागायची तयारी करून गेलो होतो, त्यांनी बोलूच दिलं नाही. म्हणाले, "व्याख्यान बावीस पानांचं लिहून काढलंय. वाचनालयच आहे ना तुमचं? मग वाचायला ठेवा." बाईंनी ते झेरॉक्स करून शिवलं, दाखल रजिस्टरमध्ये नोंदवलं, पाठीला क्रमांक चिकटवला आणि संदर्भ विभागात ठेवलं. मला विचारलं नाही. गेल्या आठवड्यात तीन जणांनी मागून वाचलं, त्यातला एक जण त्या फोनवाल्या मुलाच्या ऑफिसातला होता म्हणतात.

दुरुस्त इतिवृत्त मी लिहून ठेवलंय. "अमुक तारखेस कार्यवाहांना दूरध्वनी आला. लेखी पत्र मागितले नाही. मंडळाने भीतीपोटी व्याख्यान रद्द केले." अध्यक्ष म्हणाले, 'भीतीपोटी' काढा, 'परिस्थिती लक्षात घेऊन' घाला. आमचं तिथेच अडलंय. मी मोजून पाहिलं, 'भीतीपोटी'च्या बाजूनं चार, 'परिस्थिती'च्या बाजूनं चार, आणि खजिनदार काही बोलत नाहीत.

परवा त्या मुलाचा पुन्हा फोन आला. ते पानांचं बाड कपाटात कशाला, असं काहीसं. मी म्हटलं, "लेखी द्या." आवाज कापला माझा, लपवत नाही. तो हसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही पण ना!" अनुदानाचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही. तो दर वर्षीच उशिरा येतो, त्यामुळे यातून काही कळायला मार्ग नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आहे. तू आजीव सभासद आहेस, मत आहे तुला. पंचवटीनं ये, आदल्या दिवशी माझ्याकडेच उतर. आप्पांनी विचारलंय, पावती जपून ठेवली आहे का म्हणून.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या