लेकीस पत्र : स्तोत्र ९१

प्रिय कन्येस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात रात्रपाळी लागल्यापासून तू रोज बायबलमधले ९१ वे स्तोत्र वाचतेस, आणि ज्यांच्यासाठी ते वाचलेस त्यांतले काही रुग्ण तरीही दगावले, मग देव रक्षण करील या त्यातल्या वचनाचा अर्थ काय, असे तू विचारलेस. हा प्रश्न फोनवर आटोपण्याजोगा नाही, म्हणून लिहीत आहे.

‘तो तुझ्यावर पाखर घालील’ ही ओळ आपल्याला गोड लागते. पण तिच्या आजूबाजूला पारध्याचा पाश, रात्रीचे भय, दिवसा सुटणारा बाण आणि काळोखात फिरणारी मरी आहे, हे विसरू नये. मूळ इब्री (हिब्रू) पाठात कवीचे नाव नाही, तरी त्याला भीती चांगली ठाऊक होती. १९५६ साली मृत समुद्राकाठी कुमरानच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या एका गुंडाळीत हे स्तोत्र भुते घालवण्याच्या प्रार्थनांसोबत लिहिलेले आहे, आणि यहुदी भाविक आजही निजण्यापूर्वी ते म्हणतात.

मात्र ते ताईत नव्हे. सैतानाने येशूला यरुशलेमच्या मंदिराच्या शिरोभागी उभे करून, देवदूत तुला हातांवर झेलतील, हे याच स्तोत्रातले वचन ऐकवले आणि खाली उडी टाक म्हटले. तेव्हा देवाची परीक्षा पाहू नये, एवढेच सांगून येशूने ते नाकारले, आणि पुढे तो वधस्तंभापर्यंत गेला. म्हणून मास्क आणि हातमोजे यांत कधी हयगय करू नकोस. ती काळजी घेणे म्हणजे अविश्वास नव्हे.

शेवटच्या तीन वचनांत, १४ ते १६ मध्ये, परमेश्वर स्वतः बोलतो. संकट येणारच नाही, असे तो तेथे म्हणत नाही. संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन, असे म्हणतो. माझा सारा भरवसा या वाक्यावर आहे, आणि जे गेले त्यांच्या खाटेशीही तो होता, असे मी मनापासून मानतो. ते का गेले, याचे उत्तर या स्तोत्रात नाही, आणि मी ते ओढूनताणून काढणार नाही.

एखाद्या रात्री हे शब्द ओठांवर येईनात, तर ८८ वे स्तोत्र वाच. ते अखेरपर्यंत अंधारातच राहते, तरी परमेश्वराशीच बोलत राहते.

तुझी आई रोज पहाटे तुझ्यासाठी प्रार्थना करते. पाळी संपली की आधी जेव, मग झोप.

तुझे,
पप्पा