आजारी मुलं आज जिवंत आहेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भ्रूणाच्या जनुकांत बदल करण्याविषयीचा परवाचा लेख वाचला. लेखकाचा अभ्यास दिसतो. पण ‘जन्माआधीच रोगमुक्ती’ हे शीर्षक माझ्या आधी माझ्या १४ वर्षांच्या मुलाने वाचलं आणि विचारलं, “आई, म्हणजे हे सगळं अजून जन्मले नाहीत त्यांच्यासाठीच?”

त्याला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनणारा आनुवंशिक रक्ताचा आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि त्या रक्तातून अंगात साठणारं लोह काढायला रोज गोळ्या.

त्याला सांगायला हवं होतं ते लेखात कुठेच नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये थॅलेसेमियासाठीही मंजूर केलेल्या ‘कॅसजेव्ही’ उपचारात रुग्णाच्याच रक्ताच्या मूळ पेशी काढून, क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्राने बदलून त्यालाच परत देतात. ती मंजुरी १२ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी होती. झालेला बदल त्या रुग्णापुरता राहतो, पुढच्या पिढीत जात नाही. भ्रूणातला बदल जातो. एवढा मोठा फरक लेखकाने गाळावा?

उलट भ्रूणांची जनुकं बदलून मुलं जन्माला घालणारे चिनी शास्त्रज्ञ ‘हे जियानकुई’ यांना ‘धाडसी’ म्हटलं आहे. याचाच मला सर्वांत राग आला. २०१८ मध्ये जन्मलेल्या त्या जुळ्या मुलींना कोणताही आजार नव्हता. एचआयव्ही वडिलांना होता, आणि त्यांच्याकडून होणारी लागण वीर्य धुऊन घेऊन टाळता येते. तरीही एचआयव्हीला पेशीत शिरायला वाट देणाऱ्या सीसीआर५ जनुकाला हात घातला, आणि काही माणसांत मुळातच आढळणारा, एचआयव्हीपासून वाचवणारा बदलही हुबेहूब साधला नाही. शिवाय हे जनुक निकामी असलेल्यांना वेस्ट नाईल विषाणूचा आजार गंभीर होण्याचा धोका जास्त असतो. हे ओझं त्या मुलींच्या लेकरांपर्यंत जाऊ शकतं. त्यांना कोणी विचारलं? चिनी न्यायालयाने या माणसाला २०१९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा दिली, तीही लेखात नाही.

आम्ही नवरा-बायको दोघंही थॅलेसेमियाचे वाहक आहोत, म्हणजे सदोष जनुक अंगात आहे पण आजार नाही, हे आम्हाला मुलाच्या आजारानंतर कळलं. पहिल्या खेपेला डॉक्टरांनी वाहक ओळखणारी एचबीए२ची साधी रक्ततपासणी सांगितली नाही. दुसऱ्या खेपेला आम्हीच मागे लागून अकराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासून घेतला. मुलगी नुसती वाहक आहे, ठणठणीत आहे. त्यासाठी कुणाची जनुकं बदलावी लागली नाहीत. या तपासणीवर अर्धं पान द्या, किती घरं वाचतील!

आणखी एक. लेखात दोनदा ‘सदोष मुलं’ असा शब्द आहे. छापण्याआधी कोणी वाचलं नाही का? माझा मुलगा तुमचा पेपर रोज वाचतो.

– थॅलेसेमियाग्रस्त मुलाची आई