'सर्व स्थळे दाखविण्यात आली आहेत' या आपल्या उत्तराबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बाल्टिक सहलीतील 'ऐतिहासिक बेटावरील स्पा-नगरी कुरेसारे' या जादा पॅकेजमधील सेवेत त्रुटी व परताव्याची मागणी

महोदय,

माझ्या पहिल्या मेलला आपल्याकडून चार ओळींचे उत्तर आले. पहिल्या दोन ओळींत आभार, चौथीत पुढच्या सहलीवर पाच टक्के सूट आणि मधल्या तिसऱ्या ओळीत हे वाक्य: 'कार्यक्रमपत्रिकेतील सर्व स्थळे दाखविण्यात आली आहेत.' वाक्य खोटे नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. दाखविण्यात आली. काही बसच्या काचेतून, एक बंद दारासमोर उभे करून. आम्ही पैसे भरले होते ते पाहण्यासाठी.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्या ऑफिसात हे पत्र ज्यांच्या टेबलावर जाईल त्यांना हे गाव कुठे आहे हेही ठाऊक नसेल, असे मला आता वाटू लागले आहे. कुरेसारे हे एस्टोनियातल्या सारेमा या सर्वांत मोठ्या बेटावरचे गाव. वस्ती तेरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे बाजाराचे गाव. बाल्टिकच्या मूळ सहलीत ते नव्हतेच. माणशी 38,500 रुपये जादा भरून, दोन रात्री तीन दिवसांचे पॅकेज आम्ही वेगळे घेतले, ते दोन कारणांसाठी.

पहिले कारण माझे. मी निवृत्त आर्किटेक्ट आहे, पुण्यात पंचवीस वर्षे शिकवलेही आहे. 1978 साली कॉलेजच्या स्टडी टूरला अहमदाबादला गेलो, तेव्हा आयआयएमच्या विटांच्या कमानींखाली मी दिवसभर बसून होते. तो परिसर अमेरिकन वास्तुकार लुई कान यांचा, आणि त्यांना अहमदाबादला आणण्यात पुढाकार होता तो आमच्याच पुण्यात जन्मलेले वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांचा. कान यांचे बालपण याच कुरेसारेत गेले. जन्म तिथला की मुख्य भूमीवरच्या पेर्नूचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण 1906 मध्ये हे गरीब कुटुंब फिलाडेल्फियाला गेले तोवर त्या मुलाने रोज पाहिलेली सर्वांत मोठी इमारत म्हणजे तिथला बिशपचा किल्ला. मला तो किल्ला आतून पाहायचा होता. भिंतीची जाडी किती, खिडकीच्या कोनाड्यात माणूस बसतो का, उजेड कुठून येतो, एवढेच. बुकिंगच्या वेळी आपल्या काउंटरवरच्या मुलीला मी हे तीनदा सांगितले. "मॅडम, म्युझियमची एन्ट्री इन्क्लूड आहे," हे तिचे उत्तर, आणि माहितीपत्रकातही 'किल्ल्यातील संग्रहालयास भेट' असेच छापले आहे.

दुसरे कारण माझ्या यजमानांचे गुडघे. त्याकडे नंतर येते.

शुक्रवारी सकाळी आम्ही राजधानी टालिनहून निघणार होतो. निघालो दुपारी, कारण मध्ये एका मॉलवर दोन तास बस थांबवण्यात आली. कार्यक्रमपत्रिकेत हा मॉल कुठेही नाही. बेटावर जायला मुख्य भूमीवरच्या विर्त्सूहून फेरीबोट पकडावी लागते. पलीकडे मुहू बेटावरचे कुइवास्तू, तिथून 1896 मध्ये बांधून झालेल्या दगडी बांधावरून बस थेट सारेमावर. बोटीचा प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. पण उन्हाळ्यातल्या शुक्रवारी अर्धे टालिन बेटाकडे निघते. आमची ठरलेली वेळ हुकल्यावर आम्ही धक्क्यावर अडीच तास गाड्यांच्या रांगेत होतो. तेवढ्यात डब्यातला उपमा खाऊन झाला, ग्रुपमधल्या साताऱ्याच्या आजींचा एक जपही पुरा झाला.

कुरेसारेत पोचलो तेव्हा सव्वासात वाजले होते. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे लख्ख ऊन होते, आणि मला वाटते आपल्या टूर मॅनेजरची फसगत तिथेच झाली. उजेड आहे म्हणजे उघडे असणार! खंदकावरच्या पुलावरून आम्ही पस्तीस जण लगबगीने आत गेलो आणि संग्रहालयाच्या बंद दारापुढे उभे राहिलो. "फोटो घ्या, पंधरा मिनिटं आहेत," असे तो म्हणाला. पोरगा कष्टाळू आहे, वृद्धांच्या बॅगा त्याने स्वतः उचलल्या. माझी तक्रार त्याच्याविरुद्ध अजिबात नाही. त्याच्या हातात दिलेल्या कागदावर संग्रहालय बंद होण्याची वेळच लिहिलेली नव्हती. ती लिहिणे आपले काम होते.

त्या दाराआड काय राहिले ते सांगते. चौदाव्या शतकातली दगडी चौकोनी वास्तू, मधोमध चौक, बेटावरच्याच डोलोमाइट दगडाच्या भिंती. दोन बुरूज. त्यांतला 'उंच हर्मन' मुख्य इमारतीपासून एका खोल विहिरीसारख्या पोकळीने तोडलेला आहे आणि त्यात जायला वरच्या मजल्यावरून उचलता पूल. शत्रू चौकात शिरलाच तर पूल ओढून घ्यायचा आणि बुरुजात बसायचे. आपल्याकडच्या बालेकिल्ल्याचीच कल्पना, फक्त डोंगराऐवजी भिंतीतली फट वापरलेली. 1559 मध्ये शेवटच्या बिशपने हा सारा मुलूख डेन्मार्कच्या राजाला विकून टाकला, 1645 मध्ये तो स्वीडनकडे गेला, 1710 मध्ये रशियाकडे. मालक एवढे बदलले, तरी किल्ला शाबूत राहिला. हे सगळे मी घरून वाचून गेले होते. वाचलेलेच घेऊन परत आले.

टाउन हॉल आणि त्याच्या समोरचे जुने वजनघर या दोन्ही सतराव्या शतकातल्या इमारती 'जुन्या गावात पायी फेरफटका' या शीर्षकाखाली आहेत. पायी म्हणजे कोणाच्या पायी? बस चौकातून वळली, माइकवर "डावीकडे टाउन हॉल, उजवीकडे वजनघर" असे ऐकू आले, आणि डावीकडे बसलेल्यांना वजनघर दिसले नाही, उजवीकडच्यांना टाउन हॉल. मी मधल्या वाटेजवळ होते. मला समोरच्या सीटचे कापड दिसले.

आता गुडघे. कुरेसारे स्पा-नगरी का झाली? तिथल्या समुद्रातल्या औषधी चिखलामुळे. 1840 मध्ये तिथे पहिले चिखलस्नानगृह निघाले आणि रशियन साम्राज्यातली संधिवाताची माणसे बोटी भरभरून येऊ लागली. किल्ल्याभोवतीची बाग 1861 ची, पाहुण्यांच्या करमणुकीसाठी बांधलेला लाकडी कुर्साल 1889 चा. हे गाव उभे आहे ते दुखऱ्या सांध्यांवर! माहितीपत्रकात 'औषधी चिखलस्नानाचा अनुभव' असे शब्द आहेत. माझ्या यजमानांनी तेवढ्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत करून घेतली होती.

शनिवारी सकाळी मिळाला तो हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाचा एक तासाचा पास. चिखलाचे विचारले तर काउंटरवरची बाई सौजन्याने म्हणाली, त्याची वेळ आधी ठरवावी लागते, आणि आपल्या ग्रुपच्या नावावर तसे काहीच नोंदलेले नाही. आमचा मॅनेजर म्हणाला, "काका, पूल म्हणजेच स्पा." पुढची गंमत अशी, की तलावात उतरायला पोहण्याचा पोशाख हवा, हे कोणालाच सांगितले नव्हते. पस्तिसातले नऊ जण पाण्यात गेले. उरलेले आम्ही पंजाबी ड्रेस आणि साड्यांमध्ये, पायांत निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर लग्नाच्या हॉलमध्ये बसावे तसे बसून होतो. ह्यांनी पँट दुमडून पाय पाण्यात सोडले. चिठ्ठी खिशातच राहिली, ती घरी आल्यावर धुण्यात गेली.

आंग्लाच्या पाच पवनचक्क्यांविषयी फार लिहीत नाही. बस हळू झाली, मॅनेजरने पाचही मोजून दाखवल्या. त्यांतल्या चार लाकडी, सारेमाच्या पद्धतीच्या, वाऱ्याची दिशा बदलली की आख्खी गिरणी खांबावर फिरवायची. एक डच पद्धतीची. आत जायला मिळते. आम्हाला नाही.

काली इथल्या विवराबद्दल मात्र लिहावेच लागेल, कारण तिथे आम्ही खाली उतरलो होतो आणि तरीही आपण ते पाहू दिले नाहीत. बसमध्ये माइकवरून सांगण्यात आले की हे नाव 'काली माते'वरून पडले. आजींनी हात जोडले. काली हे तिथल्या गावाचे नाव आहे हो! विवर 110 मीटर रुंद, आजूबाजूला आणखी आठ लहान खळगे. ग्रुपमधल्या एकाने "एवढंसंच? आपलं लोणार बघा," असे म्हटले आणि सगळे हसले. लोणार पावणेदोन किलोमीटरहून मोठे, कबूल. पण इथे लोखंडी उल्का पडली तेव्हा बेटावर माणसे राहत होती. आकाश फाटताना त्यांनी पाहिले असणार. हा खड्डा उल्केचाच, हे 1937 मध्ये राइनवाल्ड नावाच्या खाणअभियंत्याने उल्केचे लोखंडी तुकडे शोधून सिद्ध केले. तळ्याच्या कडेने एक फेरी मारायला वीस मिनिटे पुरली असती. आम्हाला दहा मिळाली, त्यांतली सहा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली.

त्यानंतर कळले की दुसरी रात्र कुरेसारेत नाहीच. 'हॉटेल उपलब्ध नसल्याने' मुक्काम टालिनच्या बाहेर हलवला होता. म्हणजे दोन रात्रींच्या पैशांत एक रात्र, आणि रविवारी सकाळी किल्ला उघडा असताना आम्ही त्यापासून दोनशे किलोमीटर लांब.

एक गोष्ट न्यायाने लिहायला हवी. शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघेच चालत पुन्हा किल्ल्याकडे गेलो. खंदकाच्या कडेचे मातीचे तट सगळ्यांसाठी खुले आहेत. साडेनऊला तिरपे ऊन भिंतीवर होते आणि राखाडी डोलोमाइट मधाच्या रंगाचा झाला होता. ह्यांनी छत्री टेकवून गुडघा लांब केला, मी वहीत रेषा ओढल्या. एवढी मोठी सपाट भिंत आणि तीत इतक्या थोड्या, इतक्या खोल खिडक्या. अहमदाबादच्या आयआयएममधल्या वर्तुळाकार खोबणीतली सावली मला आठवली. याला पुरावा नाही, डोळ्यांची साक्ष तेवढी आहे. परतताना समुद्राकाठी दंतकथेतला महाकाय टोल आणि त्याची बायको पिरेट यांचा पुतळा लागला, दोघे विवस्त्र, माशांनी भरलेली होडी डोक्यावर घेऊन पळताना. पण हा तास आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता, त्यामुळे तो 'दाखविण्यात आलेल्या' स्थळांत कृपया धरू नये.

माझी मागणी अशी. न झालेल्या दुसऱ्या रात्रीचे, संग्रहालय प्रवेशाचे आणि चिखलस्नानाचे पैसे दोघांचे मिळून परत करावेत. मी तो हिशेब 41,000 रुपये धरला आहे आणि त्याची फोड सोबत आहे. पाच टक्के सूट नको. माहितीपत्रकात यापुढे 'आतून' आणि 'बाहेरून' हे दोन शब्द प्रत्येक स्थळापुढे लिहावेत, म्हणजे माझ्यासारख्या माणसाला निदान आधी कळेल. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तिथे तक्रार मला माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते, वकील लावणेही सक्तीचे नाही, आणि निवृत्त असल्याने वेळ भरपूर आहे.

आपली,
बुकिंगवरील प्रथम प्रवासी

सोबत: पैसे भरल्याच्या पावत्या, माहितीपत्रकाचे संबंधित पान, आपल्या उत्तराची प्रत, रकमेची फोड, आणि संग्रहालयाच्या बंद दाराचा फोटो. वेळ त्यावर उमटली आहे, संध्याकाळचे सात बावीस.