फॉरमॅट मारण्याआधी डेटा बाहेर काढा

महोदय,

पावसाळ्यात वीज सारखी ये-जा करू लागली की नाशिकच्या दुरुस्तीच्या दुकानांत बंद पडलेले कॉम्प्युटर येऊ लागतात. बऱ्याच ठिकाणी उत्तर एकच मिळतं, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." घाबरलेला ग्राहक हो म्हणतो आणि तिथेच वर्षानुवर्षांचं काम जातं.

विंडोज सुरू झालं नाही तरी फायली बहुधा डिस्कवर जागच्या जागी असतात. डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की त्या दिसतात. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते, डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. विंडोज 11 च्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की विचारली जाते. ती बहुतेकदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, दुसऱ्या मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र वीज लगेच बंद करावी. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) चालवू नये. दुखावलेलं हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, फिरत राहिलं तर पृष्ठभागच खरवडला जातो.

खरी चूक कॉपी करताना होते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतले की काम झालं असं समजतात आणि ईमेल मागे राहतात. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमची पत्रं यूझरच्या फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा, त्यातल्या रोमिंगमध्ये असतात. अ‍ॅपडेटा हे लपवलेलं फोल्डर. 'हिडन आयटम्स'वर टिक केल्याशिवाय दिसतच नाही. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल नव्या आवृत्त्यांत डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये, तर 2007 पर्यंतच्या आवृत्त्यांत अ‍ॅपडेटातच सापडते. पीओपी पद्धतीने, सर्व्हरवर प्रत न ठेवता मेल उतरवलेली असेल तर ती फाइल हीच एकमेव प्रत. सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत जुने खाते असंच लावलेलं असतं, म्हणून सांगायला हवं. आयमॅप पद्धतीची मेल सर्व्हरवर असते, त्याची काळजी नको. पीएसटी उघडत नसेल तर आधी तिची प्रत काढावी आणि ऑफिससोबत येणारं स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन त्या प्रतीवर चालवावं, मूळ फाइलवर नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी फाँटही विसरू नयेत. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला अर्ज फाँटशिवाय उघडला की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची खिचडी दिसते आणि फाइल खराब झाली असं वाटतं. फाइल शाबूत असते. विंडोज फोल्डरमधल्या फाँट्समधून तो फाँट आधीच घेतलेला असला म्हणजे झालं. जुन्या टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटाही बहुधा यूझर्स फोल्डरच्या बाहेर, टॅलीच्याच फोल्डरमध्ये असतो.

फॉरमॅट होऊन गेलंच असेल तर त्या डिस्कवर काहीही लिहू नये. जुन्या फिरत्या डिस्कवरून रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच परत येतं. एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या डिस्कवर) मात्र ट्रिम या सोयीमुळे रिकाम्या जागा पुसल्या जातात, तिथे आशा फार कमी.

दुकानदारांना विनंती आहे की कॉपी झाल्यावर ग्राहकासमोर दोन फोटो, एक मराठी अर्ज आणि मेलची फाइल उघडून दाखवावी, मगच फॉरमॅटला हात घालावा. ग्राहकांनीही काय-काय हवंय ते कागदावर लिहून द्यावं. शक्य असेल तिथे विंडोज नव्या एसएसडीवर टाकून जुनी डिस्क महिनाभर जपून ठेवावी. एखादी फाइल राहून गेल्याचं कामाला लागल्यावरच कळतं.

— संगणक दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक, नाशिक